साखरपुड्याची पास्त्रामी

ब्रायना: नाही म्हणजे नाही. ते धुरीचं पिंप आता परत अंगणात जाणार नाही. आत ओढून आणताना माझी कंबर ढिली झाली.

शाया: मी कुठे म्हणतोय ने म्हणून? अंगणात गुडघाभर बर्फ साचलंय, तिथे निखारा तग धरायचा नाही. मी एवढंच म्हणतोय, की काचेच्या पडवीत पास्त्रामीच्या मांसाला धुरी द्यायची म्हणजे घरभर वास.

ब्रायना: वास तर वास. तुझ्या वडिलांच्या दुकानात लोक रांग लावून तो वास घ्यायचे. मला तर तुझ्यापेक्षा तोच आधी आवडला होता.

शाया: दुकानाला धुराडं होतं. इथे काय आहे?

ब्रायना: खिडकी आहे. वीतभर उघडी ठेवलीय मी. आणि बाहेर असताना तरी काय सुख होतं? शेजारची तेरेझा दोनदा कुंपणापाशी येऊन गेली. पहिल्यांदा म्हणाली, काय जळतंय? दुसऱ्यांदा म्हणाली, जे जळतंय त्यातला एक तुकडा मला ठेव.

टाटे: शायले! अरे शायले!

ब्रायना: घ्या. झाली सासऱ्यांची आकाशवाणी.

टाटे: सूनबाई, मी म्हातारा झालोय, बहिरा नाही. माझ्या पलंगापाशी जमिनीला जाळी आहे आणि जाळीच्या बरोब्बर खाली तुमची पडवी. तुम्ही शिंकलात तरी मला वर ऐकू येतं. मांस काळं पडलं का?

शाया: पडलंय टाटे. कोळशासारखं झालंय.

टाटे: कोळशासारखं नको, जुन्या बुटासारखं हवं. दाबून बघ. बोट आत जातंय का?

ब्रायना: मी बघते. तुमचा लेक बोटाला मिरी लागेल म्हणून घाबरतो. जातंय टाटे, मधे अजून मऊ आहे. पण मिरी-धण्याचा थर मात्र काय धरलाय! खरवडूनही निघायचा नाही.

टाटे: मधे मऊ म्हणजे अर्धवट. छातीचं मांस असं हट्टीच असतं. आठवडेच्या आठवडे तळघरात खाऱ्या पाण्यात बुडवून ठेवलं, सोरामीठ, लसूण, सगळं मापात घातलं, आणि ऐन धुरीच्या दिवशी आग धरेना. ओलं लाकूड कोणी आणलं?

शाया: मी.

टाटे: शाबास. पोरीच्या लग्नाचं वय झालं आणि बापाला अजून लाकूड ओळखता येत नाही.

ब्रायना: टाटे, तुम्ही आडवे पडा बघू. बोलून बोलून खोकला येईल.

टाटे: खोकला गेला. या वासाने गेला. डॉक्टरच्या औषधाने जे झालं नाही ते या जाळीतून वर आलं. अगदी गावी बोतोशानला आल्यासारखं वाटतंय.

शाया: जाळीवर पांघरूण टाकू का टाटे? धूर वर येत असेल.

टाटे: खबरदार! वासावरूनच तर मला कळणार, झालं की नाही ते. डोळे गेले, गुडघे गेले, दुकान गेलं. नाक राहिलंय तेवढं राहू दे.

शाया: पण टाटे, आता सूर्य समोरच्या छपरांच्या खाली गेला. शब्बाथ लागायला आला, मग आगीला हात लावता येणार नाही. मांस काढून घेऊ या. गार जागी ठेवू आणि उद्या रात्री शब्बाथ संपला की पुन्हा आग पेटवू.

टाटे: पुन्हा? अर्ध्या धुरीवरचं मांस गार करून पुन्हा धुरीला लावलं की कडू होतं. कडू म्हणजे कडूच. रविवारी माझ्या नातीचा, पेर्लचा साखरपुडा. मुलाकडचे लोक पहिला घास घेणार आणि एकमेकांकडे बघणार. नको रे बाबा.

शाया: मग दुकानातून आणू.

टाटे: ब्रायना, हा काय म्हणाला?

ब्रायना: काही नाही टाटे. त्याचं डोकं ठिकाणावर नाही.

टाटे: त्या पोरीला मी मांडीवर बसवून शब्द दिला होता. तुझ्या साखरपुड्याला आजोबाच्या हातची पास्त्रामी. आता हात उचलत नाहीत, तर तुमच्या हातांनी. पण माझ्या नाकाखाली. विकतची ठेवलीत तर मी खाली उतरणार नाही. इथूनच जाळीतून थुंकेन.

शाया: मग करायचं काय? चालू आगीवर मांस ठेवून शब्बाथ लावता येत नाही. कोणीतरी निखारा सारखा करायला जाईल. मीच जाईन, सवयीने.

टाटे: राख घाल. बोतोशानला माझे वडील तेच करायचे. शुक्रवारी निखाऱ्यांवर राखेचा चांगला जाड थर. निखारा झाकला म्हणजे माणसाने हात काढून घेतला. मग मांस रात्रभर आपलं आपण होत राहतं. शास्त्रात बसतं. तुलाही शिकवलंय ते, पाठ केलं होतंस.

शाया: पाठ आहे. तरी रब्बींना एकदा विचारून येऊ का?

ब्रायना: हा दाढी विंचरायच्या आधीसुद्धा रब्बींना विचारून येतो.

टाटे: घाल रे राख. मी सांगतोय ना.

शाया: घालतो. ब्रायना, शेगडीतली राख आण. सगळी आण.

ब्रायना: हे घे. हळू, माझ्या मेणबत्त्यांवर उडवू नकोस. अजून पाव झाकायचेत, तुझा सदरा बदलायचाय, आणि मी सकाळपासून पाण्याच्या घोटावर आहे. पेर्ल मावशीकडे शब्बाथला गेली ती बरी सुटली.

शाया: झालं. बघ, एकही लाल ठिपका दिसत नाही. आणि धूरही थांबला.

ब्रायना: खरंच की. हवा कशी स्वच्छ झाली. उगीच घाबरत होतास.

टाटे: खिडकी उघडी आहे ना रे?

शाया: आहे टाटे. वीतभर.

टाटे: तेवढी पुरे. जास्त नको, मांस गार पडेल.

ब्रायना: मी मेणबत्त्या मांडते. शाया, काय करतोयस? खिडकी का लावलीस?

शाया: हळू बोल. हे बघ, वारा आत येतोय आणि राख उडवतोय. या कडेला निखारे उघडे पडले. मी झाकतो आणि परत उडते. उघडा निखारा ठेवून शब्बाथ लावू?

ब्रायना: टाटेंनी उघडी ठेवायला सांगितलंय.

शाया: टाटेंनी धुरासाठी सांगितलं. धूर कुठे आहे आता? तू दाखव मला. त्यांना सांगितलं तर ते वाद घालतील, आणि वाद संपेपर्यंत सूर्य बुडेल. लाव तू मेणबत्त्या.

ब्रायना: मला हे बरोबर वाटत नाही.

शाया: तुला कधीच काही बरोबर वाटत नाही. लाव.

ब्रायना: बरं बाई. तुझं घर, तुझा बाप, तुझी खिडकी. सरक, माझी काडेपेटी तुझ्या मागे आहे.

(मेणबत्त्या लागल्या आहेत. बाहेर अंधारलं आहे. पडवीचं दार स्वयंपाकघराकडे लोटलेलं. आता सगळे शब्बाथच्या आत.)

शाया: शुभ शब्बाथ, ब्रायना.

ब्रायना: शुभ शब्बाथ. टाटे, शुभ शब्बाथ!

टाटे: शुभ शब्बाथ, पोरांनो. शायले, सिनेगॉगला नाही गेलास?

शाया: तुम्हाला ताप असताना? घरीच प्रार्थना करतो.

टाटे: ताप उतरला असावा. अंग कसं हलकं हलकं वाटतंय. डोकं तेवढं जरा ठणकतंय. खिडकी उघडीच ठेवलीयत ना?

ब्रायना: शाया, बोल. तुला विचारतायत.

शाया: हो टाटे.

टाटे: बरं झालं. मघाशी सांगायचं राहिलं. वडिलांची धुरीची खोली चारी बाजूंनी फटींची होती, फळ्यांची. एका हिवाळ्यात माझ्या काकाने शहाणपणा केला. फटी मातीने लिंपून टाकल्या, ऊब टिकावी म्हणून. निखाऱ्यांवर राख घातली आणि मांसावर कोणी हात मारू नये म्हणून कुत्रं आत बांधलं. सकाळी दार उघडलं तर मांस झकास झालेलं. कुत्रं मात्र उठलं नाही.

ब्रायना: धुराने?

टाटे: धूर कुठला? धूर नव्हताच. धूर असता तर बिचारं भुंकलं असतं. झोपल्यासारखं पडलं होतं, पायांत नाक घालून. बरं, मी जरा डोळे मिटतो. जेवायला उठवा.

ब्रायना: शाया.

शाया: ऐकलं मी.

ब्रायना: मग बघतोस काय? उघड ती खिडकी.

शाया: कशी उघडू? आता शब्बाथ लागला. वारा सरळ निखाऱ्यांवर येतो, तू पाहिलंस. खिडकी उघडायची म्हणजे वाऱ्याच्या हाताने आग फुलवायची. फुंकणीने फुंकलं काय आणि खिडकी उघडली काय, सारखंच. हे तुझ्या वडिलांनीही सांगितलं असतं.

ब्रायना: माझ्या वडिलांचं नाव मधे आणू नकोस. तू तुझ्या वडिलांशी खोटं बोललास. आत्ता. मेणबत्त्यांसमोर.

शाया: शांत झोप लागावी म्हणून बोललो. आणि ते फळ्यांचं खोपटं होतं, हे एवढं मोठं घर आहे. कुत्रं निखाऱ्यांच्या शेजारी बांधलेलं होतं. टाटे वर आहेत.

ब्रायना: टाटे जाळीवर आहेत.

शाया: तू चेहरा का असा केलायस?

ब्रायना: माझंही डोकं दुखतंय.

शाया: सकाळपासून उपाशी आहेस. दर शुक्रवारी दुखतं तुझं.

ब्रायना: दर शुक्रवारी कपाळ दुखतं. हे असं मागून आवळल्यासारखं नाही. तुझं नाही दुखत?

शाया: थोडं. दिवसभर त्या धुरात उभा होतो, दुखणारच. चल, मी पेल्यावर प्रार्थना म्हणतो, जेवून घेऊ. पोटात काही गेलं की बरं वाटेल.

ब्रायना: आधी वर जाऊन येते.

शाया: आत्ताच तर झोपले. ब्रायना! ऐकत नाही. ब्रायना, जिन्यात अंधार आहे, कठडा धर! काय झालं? पडलीस का?

ब्रायना: नाही. बसले जरा. पाय लटपटले. आले वर... टाटे. टाटे, मी ब्रायना. जागे आहात?

टाटे: सोसी? केव्हा आलीस गं?

ब्रायना: मी ब्रायना, टाटे. सूनबाई.

टाटे: दिवा बारीक कर, सोसी. तेल जळतंय. मुलगा झोपला का?

ब्रायना: झोपला. तुम्ही उठून बसता का जरा? माझ्या खांद्याला धरा. असे. नाही, असे नाही, टाटे, अंग सोडू नका, मला पेलवत नाही...

टाटे: राहू दे. छान वाटतंय. असंच राहू दे.

ब्रायना: शाया! वर ये!

शाया: काय झालं? आलो. आईशी बोलतायत होय? ते तर रोजच बोलतात झोपेत. आई गेली तेव्हापासून बोलतात. घाबरलीस की काय?

ब्रायना: गाल बघ त्यांचे.

शाया: लाल झालेत. किती दिवसांनी रंग आलाय चेहऱ्यावर! ताप उतरला म्हणत होते ते खरं.

ब्रायना: या वयाच्या माणसाचे गाल असे लाल होतात का? पेर्ल थंडीतून धावत आली की होतात तसे? मला हे आवडत नाही, शाया. ही खिडकी उघड.

शाया: ही तर आपण हिवाळ्यापुरती कागदाच्या पट्ट्या चिकटवून बंद केलीय. तूच खळ शिजवलीस. कागद फाडायचा?

ब्रायना: फाड.

शाया: शब्बाथला?

ब्रायना: मग त्यांना खाली न्यायचं. तू डोक्याकडून धर, मी पाय धरते.

शाया: खाली कुठे? खाली तर ती पडवीच आहे. की बाहेर बर्फात नेऊ? छातीत कफ झालेला म्हातारा माणूस, आगीतून काढून बर्फात घातला म्हणजे सकाळपर्यंत नक्की संपेल. डॉक्टरने काय बजावलंय? थंड वारा लागू देऊ नका.

ब्रायना: मग विझव. खाली जा, बादलीभर पाणी घे आणि ओत त्या निखाऱ्यांवर. जिवाच्या भीतीपुढे शब्बाथ नाही. हे मला रब्बींनी नाही, शाळेत सात वर्षांची असताना बाईंनी शिकवलं.

शाया: जिवाची भीती असेल तर. असेल तर, ब्रायना! इथे काय आहे? डोकं दुखतंय. म्हातारा माणूस झोपेत बडबडतोय. आणि एक कुत्रं होतं, बोतोशानला, आपल्या जन्माच्या आधी. एवढ्यावर मी आग विझवू? मी, ज्याने जन्मात शब्बाथला दिव्याच्या बटणाला हात लावला नाही? आणि मग उद्या टाटे उठून म्हणाले, माझी पास्त्रामी बुडवलीस, माझ्या नातीसमोर मला खोटं पाडलंस, तर?

ब्रायना: उठून म्हणाले तर मी त्यांच्या पाया पडेन. आनंदाने पडेन.

शाया: तू डोळे पुस. मला विचार करू दे.

ब्रायना: विचार करायला वेळ नाही रे. मला हे नीट सांगता येत नाही, पण मला भीती वाटतेय. खूप भीती वाटतेय. या घरात काहीतरी आहे आणि ते दिसत नाही.

शाया: असं कर. मी जाऊन विचारून येतो.

ब्रायना: कोणाला?

शाया: रब्बींना. सिनेगॉग काय, पुढच्या गल्लीच्या टोकाला तर आहे. धावत जातो, एक प्रश्न विचारतो, धावत येतो. ते म्हणाले विझव, तर विझवू. मग माझ्या मनाला टोचणी नाही.

ब्रायना: आणि तोवर?

शाया: तोवर तू त्यांच्यापाशी बस. कशाला हात लावू नकोस. माझ्यासाठी एवढं कर. मी तुला कधी काही मागितलं नाही.

ब्रायना: तू रोज काही ना काही मागतोस. जा. जायचंच असेल तर जा, धाव! बूट नीट घाल, बर्फ निसरडं आहे. आणि जाताना पुढचं दार उघडं टाक. ते तरी चालतं ना तुझ्या शास्त्रात?

शाया: ते वाऱ्याच्या तोंडावर आहे. लोटून घेतो.

ब्रायना: शाया!... गेला. लोटलंच दार. टाटे, तुमचा लेक गेला रब्बींना विचारायला. ऐकताय का? आता या गोष्टीवर काहीतरी बोला बघू. चांगलं खमंग बोला.

टाटे: सोसी.

ब्रायना: हां, सोसी तर सोसी. बोला.

टाटे: कुत्र्याला बाहेर काढ गं.

ब्रायना: काढते. काढते, टाटे. तुम्ही डोळे उघडा फक्त. ओलं लाकूड कोणी आणलं? विचारा ना मला, कोणी आणलं? टाटे? तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आले तेव्हा तुम्ही सुरीच्या टोकावर एक तुकडा धरून म्हणालात, खा पोरी, हाडांचा सापळा झालीयस. आठवतं? मी म्हटलं, माझ्याकडे पैसे नाहीत. तुम्ही म्हणालात, मग माझ्या मुलाशी लग्न कर, फुकट मिळेल. टाटे! अहो, काहीतरी टोचून बोला. एक शब्द बोला... नाही. नाही बोलत. बरं. खुर्ची आहे इथे, तीच घालते खिडकीवर. फुटली एकदाची काच. सरकवते तुम्हाला खिडकीशी. सरका ना हो, किती जड झालात! श्वास घ्या. गार लागू दे, गार लागलं तर उद्या मला शिव्या द्या. मी खाली जाऊन येते. मी आग विझवते, टाटे. विचारत नाही कोणाला.

*

ब्रायना: तेरेझा! तेरेझा, दार उघड! तेरेझा!

तेरेझा: काय झालं? अगं, तू अनवाणी बर्फात? आणि हात भाजलेत तुझे!

ब्रायना: वाफेने. पाणी ओतलं मी निखाऱ्यांवर. सासरे उठत नाहीत. टेलिफोन कर, दवाखान्याची गाडी बोलाव. मग माझ्याबरोबर वर चल. मला एकटीला उचलत नाहीत.

तेरेझा: टेलिफोन तुमच्या घरात आहे ना? आज शुक्रवार... जाऊ दे. करते. तू आत ये, उभी राहवत नाहीये तुला.

ब्रायना: मी आत येत नाही. मी त्यांना एकटं टाकून आलेय. मागोमाग ये.

*

शाया: ब्रायना! ब्रायना, कुठे आहेस? हे काय, पुढचं-मागचं सगळं सताड उघडं? केवढा गारठा झालाय घरात! ऐक, रब्बी येतायत मागून, अंगात कोटसुद्धा न घालता. मला उशीर झाला गं. गेलो तेव्हा ते उभ्या प्रार्थनेत होते. मधे कसं बोलणार? भिंतीशी थांबलो, त्यांची प्रार्थना फार लांबते. संपवून रीतीप्रमाणे तीन पावलं मागे आले तसा पुढे झालो. माझं अर्धं वाक्यही झालं नव्हतं, तर सगळ्यांदेखत अंगावर ओरडले. म्हणाले, इथे उभा काय राहिलास? विझव म्हणाले, काचा फोड, दारं मोड, काय वाट्टेल ते कर. बादली कुठे आहे?

ब्रायना: विझवली मी.

शाया: आणि खिडक्या?

ब्रायना: फोडल्या. बघून पाय टाक, काचा आहेत.

शाया: बरं केलंस. फार बरं केलंस. पाप नाही त्यात, रब्बी स्वतः म्हणाले. उलट म्हणाले, अशा वेळी जो विचारत बसतो तो... ते नंतर सांगतो. टाटे कसे आहेत?

ब्रायना: मधल्या खोलीत आहेत. मी आणि तेरेझाने जिन्यावरून उतरवलं. ती अजून त्यांच्यापाशी बसलीय.

शाया: शुद्धीवर आले ना? चिडले असतील. मांसावर पाणी ओतलं म्हणून चिडले असतील. बोलले का काही?

ब्रायना: गाडी येऊन गेली, शाया.

शाया: गाडी? मग त्यांना घेऊन नाही गेले? मला वाटेत कोणी दिसलं नाही.

ब्रायना: रिकामीच गेली.

शाया: रिकामी कशी जाईल? आजारी माणूस घरात असताना रिकामी कशी जाईल, ब्रायना? बाजूला हो. टाटे? टाटे, मी आलो. अगं, यांना असं उघड्या फरशीवर का निजवलंय? पाठ गार पडेल त्यांची. पलंगावर घेऊ या. तू पायांकडून धर, मी डोकं धरतो. ये ना. धर.

ब्रायना: नको, शाया. गेलेल्या माणसाला शब्बाथ संपून तारे दिसेपर्यंत हलवायचं नसतं. एवढं मला ठाऊक आहे. हे विचारायला जाऊ नकोस.